दीड टन

मागच्या मे महिन्यात एका दुपारी एसीच्या दुकानातला पोरगा आमची खोली बघायला आला होता. हातात टेप, कानात ब्लूटूथ, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. त्यानं खोली मोजली, दहा बाय बारा, मग पश्चिमेच्या भिंतीला पंजा लावून बघितला, साडेचार वाजले होते, चटकन हात काढून घेतला, वर स्लॅबकडं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, टॉप फ्लोअर आहे, दिवसभर डायरेक्ट ऊन. एक टनात नाही भागणार, दीड टनच घ्या." कोपऱ्यात बाजेवर अप्पा, माझे वडील, पडले होते, ओला पंचा कपाळावर, डोळे मिटलेले. मला वाटलं झोप लागलीय. तर ते एकदम उठून बसले. "किती म्हणलास रं?" पोरगा म्हणाला, "दीड टन, बाबा." अप्पांनी वर स्लॅबकडं बघितलं, मग त्या पोराकडं, मग परत वर. "आन् बसवणार कुठं? हितं? डोक्यावर?"

पोरगा हसला. आमचे हे हसले. दहावीतला लेक तर पोट धरून हसला. आणि मी पण हसले.

हसण्यासारखं होतंच म्हणा. टन म्हणजे वजन, आपल्याला तेवढंच माहीत. ऊस टनावर जातो, जालन्याची सळई टनावर येते, गार हवा टनावर मोजतात हे कुणाला ठाऊक. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. त्या रात्री मोबाइलवर बघितलं तेव्हा कळलं की एसी यायच्या आधी थंडावा म्हणजे बर्फच, तर एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात बाहेर काढणारी मशीन ती एक टनाची. बर्फ गेला, शब्द राहिला. सकाळी चहा देताना मी हे सगळं अप्पांना समजावून सांगितलं, शाळेत पोरांना सांगते तसं, हातवारे करून. त्यांनी बशीतला चहा संपवला, "बरं" म्हणाले. आणि त्या रात्री बघते तर अप्पांची बाज खोलीत नव्हती. नातवाला हाताशी धरून त्यांनी ती बाहेर नेली होती, हॉलच्या पलीकडं, थेट जिन्याच्या दाराला लावून. एसी अजून घेतला पण नव्हता हो.

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. तिकडच्या लोकांना एवढ्यावरच कळलं असेल.

अप्पा लातूरला आले ते काही हौसेनं आले नव्हते. लेकीच्या घरी चार दिवसांच्या वर राहायचं म्हणजे त्यांना अजून पाहुण्यासारखं वाटतं. माय जाऊन तीन वर्षं झाली, गावाकडं एकटेच असतात, भाऊ पुण्याला. एप्रिलात शेतातल्या आखाड्यावर चक्कर येऊन पडले, गड्यानं बैलाच्या हौदातलं पाणी अंगावर ओतलं म्हणून निभावलं. डॉक्टर म्हणाले वय अठ्ठ्याहत्तर, उष्माघात थोडक्यात हुकलाय, दुपारी यांना गार जागेत ठेवा. गार जागा! लातूरला, मे महिन्यात, तिसऱ्या मजल्यावर, स्लॅबच्या बरोब्बर खाली. आमची स्लॅब म्हणजे तवा आहे. दिवसभर तापते आणि संध्याकाळी सगळं गाव गार व्हायला लागतं तेव्हा ती आतल्या माणसांना भाजायला घेते, रात्री बाराला सुद्धा पंखा लावला की वरून गरम वाफ खाली ढकलल्यासारखी वाटते. गादी गरम, उशी गरम, नळाचं पाणी तर इतकं गरम की उन्हाळ्यात गीझर लावायचं काम नाही. (हिवाळ्यात मात्र हीच स्लॅब पहाटे बर्फासारखी गार. म्हणजे दोन्ही वेळेला नको तेच करते.)

जुनं घर असं नव्हतं. माळवदाचं होतं. दीड-दोन हात रुंद भिंती, दगड आणि चिखलाच्या, त्यात कोनाडे इतके खोल की मी लपाछपीत अख्खी आत बसायची. वर सागाच्या तुळया, त्यावर फळ्या, त्यावर झाडपाला आणि त्यावर माती. ही माती महत्त्वाची. दरवर्षी मृगाच्या आधी अप्पा गाडीभर पांढरी माती आणायचे, माळवदावर पसरून पायानं दाबून बसवायचे, म्हणजे पावसात गळणार नाही. जुनी माती कुणी काढत नसे, तिच्यावरच नवी. आजोबानं टाकलेली, पणजोबानं टाकलेली, सगळी वरच. मे महिन्यात उन्हातून खेळून घरात शिरलं की पहिले काही क्षण काहीच दिसायचं नाही, नुसता अंधार आणि गारवा, मग हळूहळू ज्वारीची पोती दिसायची, रांजण दिसायचा, आजी दिसायची. सारवणाचा वास. तळपायाला गार जमीन. थंडीत उलटं, बाहेर हातपाय काकडले की आत येऊन भिंतीला पाठ लावून बसायचं. एवढ्या जाड मातीतून उन्हाला आत उतरायलाच दिवस लागायचा, तोवर बाहेर रात्र झालेली असायची, आणि रात्रीची थंडी आत पोचेपर्यंत परत दिवस. शास्त्र म्हणून हे मी आत्ता सांगते, तेव्हा आपलं घर असंच असतं एवढंच वाटायचं. कूलर-हीटर कुठला निवडायचा हा प्रश्नच नव्हता, पणजोबानं निवडून ठेवलेलं होतं.

आणि ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला भूकंपात तेच सगळं खाली आलं.

त्याबद्दल मी काही नवीन सांगत नाही. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपले होते हे सगळ्यांना माहीत आहे. मी नऊ वर्षांची होते आणि माय मला घेऊन मामाच्या गावाला गेली होती, म्हणून मी आहे. अप्पा विसर्जनाहून उशिरा आले आणि बाहेर ओट्यावरच आडवे झाले, म्हणून ते आहेत. आजी आतल्या खोलीत होती. बाहेर पोरांचा गोंधळ चालला होता म्हणून तिनं आतून कडी लावून घेतली होती. हे मला अप्पांनी कधी सांगितलं नाही, आत्यानं सांगितलं, ते पण मी बीएडला असताना. चौकट पिळवटली, दार उघडेना, आतून आवाज येत होता म्हणे थोडा वेळ. मग वरची माती बसली. पणजोबाची, आजोबाची आणि अप्पांनी त्याच वर्षी मृगाच्या आधी टाकलेली.

तर अशा माणसाला दीड टन डोक्यावर बसवायचं म्हणाल्यावर तो वर बघणारच की. आणि मी हसले.

त्यानंतरचा हिवाळा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढला. दुपारी भट्टी, पहाटे दवानं आतून पत्रा ओला, थेंब वाकळेवर. माय रात्री दोनदा उठून घमेल्यात निखारे आणायची, अप्पा ते लगेच बाहेर नेऊन ठेवायचे, म्हणायचे धूर कोंडल. दार मात्र उघडंच. मग पुनर्वसनाचं घर मिळालं, नव्या जागी, रस्ते सरळ, घरं एकसारखी, नंबर टाकलेली. बावन्न गावं अशी उठून दुसरीकडं बसली. नवी घरं पातळ भिंतींची, भूकंपात टिकतील अशी, आणि उन्हाळ्यात बसवत नाही अशी. म्हातारी माणसं दिवसभर लिंबाखाली बसून जुन्या घराच्या गारव्याची आठवण काढायची आणि दगड-मातीचं घर परत बांधायचं का म्हणलं तर कानाला हात लावायची. मला अजून वाटतं, आमच्या भागातल्या माणसाला घर गार का पाहिजे आणि गार घराची भीती का वाटते, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कळल्याशिवाय त्याला काही विकायला जाऊ नये. पण दुकानातल्या पोराचा काय दोष, तो भूकंपानंतर जन्मलेला.

बरं, कूलर होता की घरात. लग्न होऊन मी लातूरला आले त्याच उन्हाळ्यात घेतलेला, लोखंडी, माझ्या कमरेच्या वर, चालू केला की शेजारच्यांना कळायचं. दर गुढीपाडव्याला त्याचं गवत बदलायचं, त्यात ह्यांना वाळ्याची मुळं मिसळायची हौस, पहिलं पाणी पडलं की अख्ख्या घराला पावसाचा वास. त्याच्या समोर बसून पोरगं "आऽऽऽ" करायचं, आवाज थरथरतो म्हणून. आणि मी स्वयंपाकघरातून रोज एकदा ओरडायची, पाणी भरताना बटन बंद कर रे, पिन काढ! लोखंडी कूलरनं करंट मारून पोरं गेलेली दर उन्हाळ्यात पेपरात वाचतो आपण, तरी अर्ध्या घरांत अर्थिंग नसतंच. पण गारवा म्हणाल तर आपल्या मराठवाड्यासाठीच कूलर केलाय असं वाटतं. मे महिन्याची आपली हवा कोरडी ठणठणीत, बाहेर ४२ डिग्री आणि हवेत ओल वीस टक्क्याच्या आसपास असली तर चांगल्या कूलरची हवा २८-२९ पर्यंत खाली येते. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, एका लिटरमागं पाऊण युनिट विजेला थोडी कमी एवढी. वीज मात्र रात्रभराची दीड युनिट. एवढं स्वस्त दुसरं काही नाही.

फक्त पाणी पाहिजे.

आता लातूरच्या माणसाला पाण्याचं काय सांगायचं. मोठा कूलर कोरड्या हवेत तासाला आठ-दहा लिटर पितो, म्हणजे रात्रीत साडेचार-पाच घागरी हवेत गेल्या. नळ आठ दिवसाला. २०१६ ला तर मांजरा धरण आटलं, पाणी भरायच्या ठिकाणी मारामाऱ्या नकोत म्हणून १४४ कलम लागलं, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आम्ही कूलर नुसता पंखा म्हणून फिरवला, कोरड्या गवतातून गरम हवा आणि भुसा यायचा. एकदा दुपारी लेकाला ताप होता म्हणून मी अर्धी बादली कूलरमध्ये ओतली, तर खाली राहणाऱ्या काकूंना वरून पाण्याचा आवाज गेला. काही बोलल्या नाहीत त्या. पण दोन दिवस जिन्यात भेटल्या तरी बघितलं नाही. आणि मला राग नाही आला, लाजच वाटली, दारू पिताना सापडल्यासारखी. नंतर बोअर घेतलं बिल्डिंगनं, खोल गेलं खूप, पाणी लागलं ते असं जड की आठ दिवसांत कूलरच्या गवतावर मिठासारखा पांढरा थर. पंपाच्या जाळीत क्षार, वाळ्याचा वास बंद, त्याऐवजी खडूचा वास. आणि मृगाचा एखादा पाऊस झाला की कूलरचा उपयोग संपला, हवाच ओली झाल्यावर अजून पाणी उडून जाणार कुठं, नुसतं चिकचिक, पापड मऊ, वह्यांची पानं वाकडी.

म्हणून एसी. पाणी लागत नाही असं सगळे सांगतात, मी पण तेच सांगून ह्यांना पटवलं. पण ते तरी पूर्ण खरं आहे का? २०१३ च्या दुष्काळात परळीचं थर्मल वीज केंद्र पाण्यावाचून बंद पडलं होतं. वीज म्हणजे पण कुणाचं तरी पाणीच, फक्त ते उडताना आपल्याला दिसत नाही आणि खालच्या काकूंना ऐकू येत नाही. हे मी ह्यांना बोलून दाखवलं तर म्हणाले, "मग घ्यायचाय का नाही एसी? एक काय ते ठरव." त्यांचं बरोबर होतं. अप्पांची तब्येत वाट बघणार नव्हती.

मग दुकानं. आठ दिवस रोज दुकानं. थ्री स्टार का फाइव्ह स्टार, इन्व्हर्टर का साधा, तांब्याचं कंडेन्सर का अॅल्युमिनियम, स्टॅबिलायझर लागतो का नाही, सगळे सांगतात आणि प्रत्येक जण वेगळं. तीनशे युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटांचा दर उडी मारतो, ते डोक्यात धरून मी वहीत आकडे मांडले: इन्व्हर्टर एसी रात्रभर सहा ते आठ युनिट, वर्षात चार महिने, फाइव्ह स्टारला जास्त दिलेले पैसे किती वर्षांत फिटतात. शेवटी फाइव्ह स्टारच घेतला, कारण आमच्याकडं उन्हाळा चार महिने नाही, फेब्रुवारीतच दुपार सुरू होते. जिथं वर्षाकाठी महिनाभर लावायचा तिथं थ्री स्टार बास. एवढं मी आता कुणालाही सांगू शकते. आणि अजून एक, एसी घ्यायच्या आधी गच्चीवर पांढरा चुना मारून घ्या. आम्ही दोन हात मारले, त्यात डिंक मिसळून, आणि वर हिरवी जाळी बांधली. मशीन आणायच्या आधीच रात्रीची वाफ कमी झाली, ती इतकी की दीड टनाचं एक टनावर आलं. त्याच पोरानं परत येऊन स्लॅबला खालून हात लावून बघितला आणि जरा नाराजीनं मान्य केलं.

परभणीच्या मावशीचा फोन आला, तिचा आग्रह हॉट अँड कोल्डचा. तिच्याकडं खरंच थंडी असते. डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठातला पारा पेपरात येतो, पाच-सहा अंशांच्या खाली गेलेला, आणि सगळे म्हणतात परभणीचं काश्मीर झालं. तिनं मागच्या साली घेतलेला आहे. मला मजा वाटली ती त्याच्या कामाची, म्हणजे एसी हा मुळात उपसाच आहे, विहिरीचं पाणी उपसून पाटात सोडावं तशी घरातली उष्णता उपसून बाहेर सोडतो, आणि हॉट अँड कोल्डवाला थंडीत उलटा उपसतो, बाहेरच्या गार हवेत जी काय ऊब शिल्लक असते ती ओढून आत आणतो. कॉइलचा हीटर एक युनिट वीज घेऊन एक युनिटच ऊब देणार, हा एका युनिटमध्ये तीन युनिटची आणतो. हिशोबानं चोख. पण लातूरची बोचरी थंडी किती, संक्रांतीच्या अलीकडं-पलीकडं पंधरा-वीस दिवस. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, शेतात आंबिल पिताना जेवढे काकडतो तेवढंच. अप्पांना विचारलं तर म्हणाले, "वाकळ हाय की बाई." मायनं शिवलेली वाकळ, सात लुगड्यांची, ती पांघरली की कूस बदलता येत नाही. त्या वजनाचं त्यांना काही वाटत नाही.

मधेच एक आठवण. शेडमधून पक्क्या घरात गेलो त्या उन्हाळ्यात अप्पा मला नळदुर्गला घेऊन गेले होते, एसटीनं. किल्ल्यात बोरी नदीवर बांध आहे आणि बांधाच्या पोटात पाणी महाल, इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. अरुंद पायऱ्यांनी आत उतरायचं, दोन्ही अंगाला दगड, पलीकडं पाण्याचा आवाज, खिडकीतून येणारी हवा अशी गार की अंगावर काटा. राजेलोकांची हौस, पाण्याच्या पोटात जाऊन बसायची. मी खिडकीजवळ पळाले. अप्पा चार पायऱ्या उतरले आणि थांबले. "तू बघून ये, मी हितं हाव." खाली बसून मी दोनदा हाक मारली, ते आले नाहीत. मला वाटलं त्यांचे गुडघे दुखत असतील. जेमतेम पन्नाशीच्या आसपास होते अप्पा तेव्हा. दहा-बारा वर्षांच्या पोरीला बापाचं वय कळत नाही.

एसी बसवायला मेकॅनिक आला तो दिवस. मी आधीच सांगून ठेवलं होतं की मशीन बाजेच्या वरच्या भिंतीवर नको, समोरच्या भिंतीवर लाव, पाइप जास्त लागला तरी चालेल. अप्पा खुर्चीत बसून बघत होते. मेकॅनिकनं खोका उघडला, पांढरं युनिट बाहेर काढलं, आणि मी काय बोलायच्या आत अप्पा उठले, गेले आणि दोन्ही हातांनी ते उचललं. मेकॅनिक घाबरला, "बाबा, बाबा, पडंल!" अप्पांनी छातीपर्यंत नेलं, जरा झुलवून बघितलं, जोखतात तसं. "धा किलो," म्हणाले. मेकॅनिक म्हणाला, हो, दहाच्याच आसपास. "आन् बाकीचं?" बाकीचं बाहेर, गॅलरीत, तीसेक किलो, आणि ते स्टँडवर, जमिनीला धरून. अप्पांनी गॅलरीत जाऊन ते पण बघितलं, पायानं ढकलून. "सोयाबीनची गोणी ह्याच्या दुप्पट भरती," असं त्या मेकॅनिकला सांगितलं आणि खुर्चीत येऊन बसले. लेक ह्या वेळेला हसला नाही. त्याला मी मधल्या काळात सांगितलं होतं थोडं. सगळं नाही.

मला वाटलं झालं, मिटलं. वजनाचं होतं ते वजन करून मिटलं. एकाच गोष्टीचा विचार मी केला नव्हता, आणि ती त्या मेकॅनिकनं जाता जाता सांगितली, पाण्याची बाटली तोंडाला लावत: "मॅडम, दार-खिडकी पॅक ठेवायची हां. दाराखाली फट आहे, तिथं रबर लावून घ्या. उघडं ठेवलं तर बिल येईल दणकून."

कूलरला खिडकी उघडी लागते. आलेली ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर कूलर काम करत नाही, म्हणून कूलर चालतो ते घर उघडं असतं, बाहेरचं कुत्रं, काकूंचा टीव्ही, रस्त्यावरच्या गाड्या, सगळं आत येतं. एसीला घर बंद लागतं. मी स्टार बघितले, युनिटं मांडली, पाण्याच्या घागरी मोजल्या, आणि अप्पा १९९३ पासून बंद दाराच्या आत झोपले नाहीत ही गोष्ट वहीत कुठंच नव्हती. गावाकडं ते ओसरीत झोपतात, थंडी असो पाऊस असो. आमच्याकडं आले की दार लोटलेलं असतं, कडी नाही. दवाखान्यात ॲडमिट होते तेव्हा नर्सनं दार लावलं की हे उठून उघडायचे, सलाइनची बाटली हातात धरून. हे सगळं मला माहीत होतं. तीस वर्षं माहीत होतं.

पहिल्या रात्री अप्पा खोलीत आले, बाज आत आली, रिमोट लेकानं शिकवला. नवीन एसी चालू केला की आपोआप २४ वरच सुरू होतो, २०२० पासून तसा नियमच आहे, एक डिग्री वाढवली की सहाएक टक्के वीज वाचते असं सरकार सांगतं. अप्पांनी तो २८ वर नेला आणि पंखा लावला. "एवढं गार काय करायचं, आपण काय आंबे हाव का." दार मी लोटून घेतलं, कडी न लावता, आणि हळूच बघितलं तर रबर बरोबर बसलं होतं, एक किरण बाहेर येत नव्हता. समाधान वाटलं मला, काम नीट झाल्याचं. अर्ध्या तासानं पाणी प्यायला उठले तर हॉलमध्ये पायाला गार लागलं. खोलीचं दार चार बोटं उघडं होतं आणि मधे अप्पांची चप्पल, कोल्हापुरी, आडवी घातलेली, म्हणजे वाऱ्यानं दार लागू नये. आत अप्पा घोरत होते.

मी चप्पल काढली नाही. ह्यांनी दुसऱ्या दिवशी काढली, चांगल्या मनानं, सकाळी वीज वाया चाललीय म्हणून. रात्री ती परत जागेवर. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले अप्पांशी बोलायचं का, मी म्हणलं नको, आणि किल्लारीचं त्यांना पहिल्यांदा नीट सांगितलं, लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून दाराच्या खालचं रबर त्यांनीच ब्लेडनं काढून टाकलं, अर्धवट चिकटलेलं होतं ते दारात अडकत होतं म्हणून.

एसीचं पाणी ज्या नळीतून पडतं तिच्याखाली अप्पांनी बादली ठेवलीय. मेमध्ये रात्रीची पाव बादली सुद्धा भरायची नाही, हवेतच ओल नव्हती, ते सकाळी उठून बघायचे आणि म्हणायचे "काहीच न्हाई आज." जूनमध्ये पाऊस लागला तशी बादली भरायला लागली, तुळस, कढीपत्ता, मग काकूंच्या कुंड्यांना पण. काकूंचा आधी राग होता, आमच्या बाहेरच्या मशीनची गरम हवा थेट त्यांच्या गॅलरीत जाते, आणि तो राग अगदी रास्त आहे, आमची उष्णता उपसून आम्ही त्यांच्याकडंच टाकतो. आता म्हणतात कुरडया एका दिवसात वाळल्या.

जूनचं बिल तीनशे बारा युनिटचं आलं. बारा युनिटं ही चपलेची, असं मी धरून चालले. ऑगस्टला शेताचं बघायला म्हणून अप्पा गावाकडं गेले ते अजून आले नाहीत, फोनवर म्हणतात आता गारवा पडला, काय करायचं तिकडं येऊन. परवा आम्ही त्या खोलीत झोपलो, दोघं, गरम होत होतं म्हणून एसी लावला. हे दार लावायला उठले, कडीला हात घातला, आणि थांबून माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं राहू द्या थोडं उघडं. मधे घालायला काही सापडेना, तेव्हा त्यांनी स्वतःची चप्पल काढून घातली.